इनामगावच्या घरांखालची माणसं : एका शिक्षकाच्या तीन प्रश्नांना उत्तर

शिरूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी तीन प्रश्न पाठवले आहेत. पहिला : "इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची पावलं तोडून त्याला घरातच पुरायचे असं वाचलं. हे खरं का? खरं असेल तर एवढं क्रूरपण कशासाठी?" दुसरा : "आपल्यात तर दहन करतात, मग हे पुरणारे लोक कोण?" आणि तिसरा, जरा संकोचून विचारलेला : "सर, तुम्ही लोक मेलेल्या माणसांना उकरून काढता, हे बरोबर आहे का? वर्गातली मुलं विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही."

गुरुजी, तिसऱ्या प्रश्नाचा संकोच मुळीच नको. तो मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं, आणि कुणी नाही विचारला तर मी स्वतःला विचारतो. पण क्रमाने घेतो, कारण ती माणसं आपल्या मेलेल्यांशी कशी वागली हे नीट समजल्याशिवाय आपण त्यांच्याशी कसं वागावं हे सांगता येणार नाही.

माझं काम उत्खननात निघालेल्या मानवी हाडांचं. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम खणलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी ते काम उभं केलं. मी त्यांच्या मागून आलेल्या पिढीतला, त्यामुळे इनामगाव मला आधी अहवालातून आणि हाडांच्या खोक्यांतून भेटलं, नदीकाठी नंतर.

मुलांना घेऊन जाल तेव्हा आधी पायाखालची माती दाखवा. घोड नदीच्या काठाची शेतं काळी आहेत, आणि मध्येच एक उंचवटा राखट, भुरकट रंगाचा लागतो. गावातली जुनी माणसं त्याला पांढर म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती, खापरं आणि हाडं कुजून मिसळली की जमीन अशी पांढरी होते. आम्ही पुरातत्त्ववाले उपकरणं घेऊन फिरतो खरे, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या वस्त्या "आमच्याकडे एक पांढरीचं टेकाड आहे" या एका वाक्यावरून सापडल्या आहेत.

इनामगावच्या या पांढरीवर इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत माणसं राहिली. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं. आम्ही त्याचे तीन टप्पे करतो : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून आलं, कारण त्या पद्धतीची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी पहिल्यांदा तिथे १९५०-५१ मध्ये ओळखली गेली. हे लोक शेतकरी होते. जव पिकवायचे, गुरं-शेळ्या पाळायचे, हरणं मारायचे, दगडाची पाती वापरायचे आणि थोडंफार तांबं. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट काढला होता. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी तिथे उघड्या झाल्या आणि त्यांच्याखाली आणि अंगणात दोनशेहून अधिक दफनं निघाली.

त्यातली बहुतेक लहान मुलांची आहेत. सगळे पावलांबद्दल विचारतात, पण माझ्या मते सुरुवात मुलांपासून करायला हवी.

मूल गेलं की घराच्या जमिनीत एक उथळ, लांबट खड्डा घ्यायचे. दोन मोठी मडकी आडवी ठेवायची, तोंडाला तोंड लावून, आणि त्यांच्या आत मूल. शेजारी एखादा वाडगा, एखादं तोटीचं भांडं. मग खड्डा बुजवून वर जमीन चोपायची. प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका छोट्या पांढरीवर मी असं पहिलं दफन उघडलं तेव्हा माझं वय पंचवीसही नव्हतं. आधी दिसला तो फक्त रंगातला फरक : चोपलेल्या पिवळसर जमिनीत एक मऊ, गडद, अंडाकृती डाग. आम्ही खुरपी बाजूला ठेवली आणि बांबूच्या कामट्या आणि रंगाचे ब्रश घेतले. संध्याकाळपर्यंत दोन काठ दिसू लागले, एकमेकांना टेकलेले, इतके नीट बसवलेले की मधल्या फटीत बोटाचं नख जेमतेम जावं. वरच्या मातीच्या भाराने मडक्यांची पाठ खचली होती. दुसऱ्या दिवशी आतली माती चमच्या-चमच्याने काढून बारीक चाळणीतून धुतली. चाळणीत उरले ते दातांचे कोंब. मुळं न फुटलेले दुधाच्या दाढांचे नुसते माथे, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि तितकेच पांढरे.

या कोंबांवरून आम्ही वय सांगतो. दात हिरडीतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात घडत असतात, आणि कोणता माथा कितपत तयार झाला आहे यावरून मूल किती महिन्यांचं होतं हे बऱ्यापैकी नेमकं कळतं. मांडीचं हाड सापडलं तर त्याचीही मदत होते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात ते साधारण साडेसात सेंटिमीटर भरतं. माझ्या त्या मडक्यातलं मूल सहा-सात महिन्यांचं होतं. ज्या बाईने ते घर सारवलं असेल, तिने त्यानंतर रोज त्याच जागी स्वयंपाक केला असणार. चूल खड्ड्यापासून चार हातांवर होती.

नेवाशाचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे प्रवरेकाठच्या उत्खननात एका मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. एरवी दोरा तीन हजार वर्षं टिकत नाही. पण तांबं गंजताना त्याचे क्षार लगतच्या तंतूंत मुरतात आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना तिथे जगू देत नाहीत. त्यामुळे मण्यांच्या भोकांत दोऱ्याचा तुकडा राहिला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रेशीम आणि कापूस असे दोन्ही तंतू दिसले. तांबं त्या काळी दुर्मीळ होतं, या लोकांच्या घरात तांब्याची कुऱ्हाड असणं म्हणजे मोठी गोष्ट. अशा काळात कुणीतरी तांब्याची माळ मुलाच्या गळ्यातून काढून घेतली नाही.

आता मोठ्या माणसांकडे येतो. त्यांना मडक्यात ठेवत नसत. घरात किंवा अंगणात लांब खड्डा, त्यात माणूस उताणा, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आणि हो, घोट्याखालची पावलं नाहीत. एखाद-दुसऱ्या सांगाड्यात असं असतं तर मी म्हटलं असतं की उंदराने नेली, नांगराने गेली, किंवा नंतरच्या खड्ड्याने कापली. पावलाची हाडं लहान असतात, हलतात, हरवतात. पण तेच तेच, त्याच जागी, दफनामागून दफनात आणि पिढ्यान्‌पिढ्या होत असेल तर तो योगायोग नव्हे, रीत आहे. उत्खनन करणाऱ्यांनी तो निष्कर्ष काढला आणि मला तो पटतो.

का, याचं उत्तर हाडं देत नाहीत. सांकलिया-ढवळीकरांच्या पिढीने सुचवलेलं उत्तर असं की मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये, भटकू नये, म्हणून त्याची पावलं काढत. हे अगदी हवेतलं नाही. आपल्या भुतांचे पाय उलटे असतात, हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय. आजही आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या पायांचे अंगठे एकत्र बांधतात. दक्षिणेकडे पाय करून झोपलं की आजी ओरडते, ती यमाची दिशा म्हणून. या रिती थेट इनामगावातून आल्या असं मी म्हणणार नाही, मधल्या हजारो वर्षांचा दुवा कुणाच्या हाती नाही. मात्र मेलेल्या माणसाचे पाय आणि त्याचं जाणं यांचा संबंध लावणारी बुद्धी या मातीत जुनी आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

'भुताची भीती' इथवर येऊन बहुतेक लोक थांबतात. मी थांबत नाही. ज्याची भीती वाटते त्याला माणूस वेशीबाहेर नेतो, नदीपलीकडे नेतो, वर दगड रचतो. या लोकांनी त्याला नेलं कुठे? घरात. जिथे रात्री पोरंबाळं झोपतात त्या जमिनीखाली. मला त्या कापलेल्या पावलांत भीतीपेक्षा हट्ट जास्त दिसतो : तू इथून जायचं नाहीस. मुलाला मडक्यात घालून चुलीजवळ ठेवणारे आणि बापाची पावलं काढून त्याला अंगणात ठेवणारे एकच लोक आहेत, आणि दोन्ही कृतींमागचं म्हणणं मला एकच वाटतं. तान्ह्या मुलाला पावलं काढायची गरजच नव्हती, ते चालायलाच शिकलं नव्हतं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, आणि मुलांना सांगताना तसंच सांगा. पण 'क्रूर' हा शब्द मात्र फळ्यावर लिहू नका.

या नियमाला एक ठळक अपवाद इनामगावातच निघाला. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात मातीचा एक चार पायांचा रांजण पुरलेला मिळाला, न भाजलेल्या मातीचा. त्याची एक बाजू बाईच्या पोटासारखी फुगीर घडवलेली. आत सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष, गुडघे पोटाशी घेऊन बसवलेला. त्याची पावलं शाबूत होती. घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार, यावरून तो वस्तीचा प्रमुख असावा असं मानतात. सगळ्यांना लागू असलेली रीत त्याला का लागू केली नाही? मोठ्या माणसाला सूट मिळाली, हे सोपं उत्तर झालं. मला तो रांजण पाहिला की दुसरंच काही वाटतं. पावलं नसलेला माणूस आणि पोटात बसवलेला माणूस, दोघंही कुठे जाऊ शकत नाहीत. एकाला थांबवलंय, दुसऱ्याला परत आईच्या पोटात घातलंय. लहान मुलांची ती तोंडाला तोंड लावलेली मडकीही मला त्याच आकाराची वाटतात. रांजण भाजलेला नव्हता, हेही ध्यानात घ्या. म्हणजे तो पाण्याचा किंवा धान्याचा जुना रांजण नव्हे, बहुधा मुद्दाम याच कामासाठी घडवलेला.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला पाऊस कमी झाला असावा, आणि इनामगावचे दिवस फिरले. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. दातांवर त्या काळच्या उपासमारीच्या आणि आजारपणाच्या आडव्या रेघा राहिल्यात, त्या मी नखाने चाचपडून पाहिल्यात. भिंती मोडल्या, ताटातलं गेलं, पण मुलाला दोन मडक्यांत ठेवण्याची रीत शेवटपर्यंत टिकली.

आता दुसरा प्रश्न. 'आपल्यात दहन करतात' हे आजच्या बहुसंख्य घरांपुरतं बरोबर आहे, पण त्या 'आपल्यात' बरंच काही मावतं. ऋग्वेदात दहाव्या मंडलातलं सोळावं सूक्त अग्नीला उद्देशून आहे, ते जाळण्याचं. त्याच मंडलातलं अठरावं सूक्त वाचा. त्यात मेलेल्या माणसाला म्हटलंय, 'उप सर्प मातरं भूमिम्', या भूमातेजवळ सरक. आणि पृथ्वीला विनवलंय, 'माता पुत्रं यथा सिचाभ्येनं भूम ऊर्णुहि', आई जशी पदराने मुलाला झाकते तशी तू याला झाक. पितरांची आठवण काढताना अग्नीने जळालेले आणि न जळालेले असे दोन्ही पितर एका ओळीत येतात. म्हणजे मंत्र रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही रिती होत्या.

मुलांच्या बाबतीत तर दहन करणाऱ्यांनीही पुरण्याची रीत सोडलेली नाही. दात न आलेलं मूल आपल्याकडे आजही बहुतेक जातींत पुरतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की दोन वर्षांच्या आतलं मूल गेलं तर आप्तांनी त्याला सजवून, गावाबाहेर, शुद्ध जागी पुरावं आणि अस्थी गोळा करू नयेत. 'अलंकृत्य' हा शब्द वाचला की मला नेवाशाची ती माळ आठवते. पण लगेच पुढच्या श्लोकात म्हटलंय की त्याला अग्नी देऊ नये, पाणी देऊ नये, लाकूड टाकावं तसं रानात ठेवून तीन दिवस पाळावेत. सजवा म्हणणारा आणि लाकडासारखं टाका म्हणणारा श्लोक शेजारी शेजारी आहेत. दुःखाला किती वाव द्यायचा याचा घोळ तेव्हाच्या माणसांनाही सुटलेला नव्हता, असं मला त्यावरून वाटतं. इनामगावशी तुलना करायची तर फरक एका शब्दात आहे : 'बहिः'. मूल घरातून बाहेर गेलं.

आणि ही गोष्ट फक्त आपली नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की दात येण्याआधी गेलेल्या माणसाला जाळण्याची रीत लोकांत नाही. प्लिनीला मनू ठाऊक नव्हता. तुर्कस्तानातल्या चातालह्युयुकला नऊ हजार वर्षांपूर्वीचे लोक आपले मेलेले घराच्या ओट्यांखाली पुरायचे आणि वर झोपायचे. एकाने दुसऱ्याकडून उचललं असं यात काही नाही. तान्ह्या जिवाला आगीत घालवत नाही, आणि गेलेल्याला दूर ठेववत नाही, एवढं ठिकठिकाणच्या माणसांना आपलं आपण वाटलं असावं.

मोठ्या माणसांना पुरणारेही आपल्यातच आहेत. लिंगायत आपल्या माणसाला बसवून, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. नाथपंथी आणि गोसावी समाधी देतात. महानुभाव पुरतात. संन्याशाने अग्नीचा त्याग केलेला असतो म्हणून त्याला अग्नी देत नाहीत. मुसलमान, ख्रिस्ती बांधवांचं वेगळं सांगायला नको. मेळघाटात कोरकू लोक गेलेल्या माणसाच्या नावाने कोरलेला लाकडी खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात, आणि त्यावर चंद्र-सूर्य असतात. हेच चंद्र-सूर्य आपल्या गावोगावच्या वीरगळांवर सापडतील. बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांच्या लढाईत पडलेल्यांचे वीरगळ आहेत. तुमच्या गावच्या मारुतीच्या पाराजवळही एखादा शेंदूर फासलेला असेल. तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, माथ्यावर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. मुलांना आधी तोच दाखवा, इनामगावला जाण्याआधी.

विदर्भाबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण तिथे इनामगावच्या नेमकं उलट चित्र आहे. नागपूरजवळ जुनापाणीला, काटोल रस्त्याच्या बाजूला, मुरमाड पडीक जमिनीवर सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोल मांडलेले, आत दगडगोटे आणि माती भरून उंचवटा केलेला. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये त्यातली काही उघडली आणि वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड इथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत काम केलं. हे लोखंड वापरणारे लोक, इनामगावची शेवटची पिढी आणि त्यानंतरच्या शतकांतले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. यांनी आपले मृत घरात ठेवले नाहीत, वस्तीबाहेर नेले. पुष्कळदा अख्खा माणूस नसतोच, निवडक हाडं असतात. सोबत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याची भांडी. आणि घोडे. माहुरझरीच्या दफनात घोड्याच्या डोक्यावर तांब्याचा साज होता, आणि घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे धन्याबरोबर घोडा मारलेला असावा.

एक वर्तुळ उभं करायला किती माणसं लागली असतील, हे जुनापाणीला एखाद्या धोंड्याला खांदा लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मी आणि तीन विद्यार्थ्यांनी एकदा निसटलेला एक धोंडा जागेवर सरकवायचा प्रयत्न केला. तो हललाही नाही. हे एका घरचं काम नव्हे. इनामगावात आईने दोन मडकी आणून ठेवली की झालं, इथे अख्ख्या गावाला यावं लागलं असणार. दुःख घरात ठेवायचं की गावासमोर मांडायचं, हा मला या दोन रितींमधला खरा फरक वाटतो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. दहनाचा पुरावा जमिनीत फार कमी उरतो. राख वाऱ्यावर जाते, अस्थी पाण्यात जातात. त्यामुळे आमच्या हाती लागतात ते फक्त पुरलेले. इनामगावात मुलं खूप आणि मोठी माणसं त्या मानाने थोडी, एवढ्या लोकवस्तीला ती पुरी पडत नाहीत. बाकीच्यांचं काय केलं? त्यांना दुसरीकडे पुरलं असेल, जाळलं असेल, नदीला दिलं असेल. 'अमुक काळी सगळे पुरायचे' असं वाक्य कुणी लिहिलं तर त्याला विचारा, न सापडलेल्यांचं काय?

आता तिसरा प्रश्न. एका हंगामात आमच्याकडे साठीच्या एक मावशी माती वाहायला होत्या. दुहेरी मडक्याचं दफन दिसू लागलं तसं त्या घमेलं खाली ठेवून काठावर बसून राहिल्या. दुपारी जेवताना मला म्हणाल्या, "सर, माझं पहिलं असंच गेलं. ओढ्याच्या काठी निवडुंगाखाली ठेवलंय. मीठ घालून. कुत्रं येऊ नये म्हनून वर दगड ठेवलाय. तुम्ही ते पन काढाल का?" मी म्हटलं, नाही मावशी, आम्ही जुनी तेवढीच काढतो. त्या म्हणाल्या, "मग माझं जुनं कधी व्हनार?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज असं म्हणेन : ज्याला आठवणारं कुणी आहे ते जुनं नव्हे, त्याला हात लावायचा नाही, किती का वर्षं होईनात. जगात आता बऱ्याच ठिकाणी हेच मानू लागलेत. ऑस्ट्रेलियात मुंगो सरोवराकाठी मिळालेला सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचा माणूस २०१७ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना परत दिला गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा पुरला गेला. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष मांडणीतून काढले, आणि नागा लोक आपल्या पूर्वजांचे तिथले अवशेष घरी आणण्यासाठी बोलणी करताहेत. चाळीस हजार वर्षांनीही कुणी 'आमचा' म्हणत असेल तर त्याचं ऐकायला हवं.

इनामगावच्या मुलांवर असा हक्क सांगणारं कुणी आलेलं नाही. तरीही आम्ही त्यांना काढतो ते का, याचं माझं उत्तर असं. त्यांच्याबद्दल एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. नदी काठ कापते, जेसीबी पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतो, आणि ती मडकी ट्रॉलीत फुटतात. आम्ही काढलं नाही तर पुष्कळदा ते उरणारच नसतं. पण काढलं म्हणजे जबाबदारी आली. खड्ड्यात असताना फोटो आणि आराखडा, मग प्रत्येक हाड वेगळं गुंडाळून, क्रमांक घालून खोक्यात. सहा-सहा महिन्यांनी वाळवी-बुरशी पाहायची. मी एका ठिकाणी, नाव सांगत नाही, छप्पर गळून भिजलेली खोकी पाहिलीत. क्रमांकाच्या चिठ्ठ्या लगदा झाल्या होत्या, कुणाची हाडं कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. तीन हजार वर्षं आईने ठेवलेलं जागेवर राहिलं आणि आमच्या हातात पंचवीस वर्षंही राहिलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ठेवायला कोरडी खोली आणि सांभाळायला माणूस असेल तरच दफन उघडावं. नसेल तर पुन्हा माती लोटावी. आणि संग्रहालयात मुलाचा सांगाडा काचेत मांडायचा असेल तर त्याची मडकी, त्याचा वाडगा, त्याच्या घराची चूल सोबत मांडावी. नुसती कवटी ठेवून त्यावर दिवा सोडू नये.

आमच्याकडे दफनाला हात लावण्यापूर्वी मजूर नारळ फोडतात आणि हळदकुंकू वाहतात. तरुणपणी मला वाटायचं, हा त्यांचा भाबडेपणा. आता त्यांनी नाही केलं तर मीच आठवण करतो.

गुरुजी, सहल जानेवारीत काढा, ऊन सोसेल असं असतं आणि नदीकाठच्या कडा कोरड्या असतात. मुलांना खापरं बघू द्या, पण खिशात घालू देऊ नका. पाण्याने कापलेल्या काठात तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी दिसली तर ओढून काढू नका. जागेचा फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. ओंजळभर ओली माती त्यावर लिंपा, वर बाभळीची फांदी रोवा म्हणजे गुरं पाय देणार नाहीत. मग तलाठ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि त्या मुलीला, जी सारखी विचारते की ते बाळ कुणाचं होतं, तिला सांगा की बाळाच्या आईचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण तिने मडक्यांची तोंडं किती नीट बसवली होती ते तिला स्वतःला बघता येईल.